करवतीचा भुसा आणि सोन्याची घट

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि काही तासांत कोकणातील असंख्य झाडे आडवी झाली. रस्ते मोकळे करण्यासाठी बचाव पथकांच्या हाती जे यंत्र होते, तेच पुढे कित्येक आठवडे वाड्यावाड्यांतून घरघरत राहिले. साखळी करवत, बोलीभाषेत ‘चेन सॉ’ किंवा नुसताच ‘कटर’. या करवतीने आंबा, फणस, साग यांचे हात-दोन हातांचे तुकडे पाडले आणि त्यातील बरेचसे लाकूड जळाऊ लाकडाच्या भावाने गेले. दारे, देव्हारे आणि पाट यांना पिढ्यान् पिढ्या फणसाचेच लाकूड वापरणाऱ्या मुलखात हे घडावे, याचे कारण साधे होते. ओंडका वखारीपर्यंत नेण्याची सोय नव्हती.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर या अडचणीचे उत्तर फार पूर्वीच शोधले गेले. ओंडका गिरणीकडे जात नसेल, तर गिरणी ओंडक्याकडे न्यावी! साखळी करवतीच्या पात्याला दोन टोकांना पकडणारी एक हलकी चौकट जोडली की तीच करवत ओंडक्यावरून उभी सरकते आणि एकसारख्या जाडीच्या फळ्या पाडते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील ग्रॅनबर्ग यांनी बाजारात आणलेली ही चौकट ‘अलास्कन मिल’ या नावाने ओळखली जाते. आज तेथे शनिवार-रविवारी परसदारी फळ्या पाडणाऱ्या हौशी मंडळींचा एक वर्गच तयार झाला आहे. या वर्गातील अनेकांच्या कपाटात चांदीची नाणी आणि संगणकात थोडेसे बिटकॉइनही असते. वरकरणी या छंदांचा एकमेकांशी संबंध नाही. पण त्यांच्यामागची ओढ एकच आहे. मधला माणूस नको. गिरणीवाला नको, बँक नको, दलाल नको.

मधला माणूस काढून टाकता येतो. त्याचे काम मात्र कोणाला तरी करावेच लागते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरून जंगलात

साखळीला दाते लावून कापण्याची कल्पना लाकूडतोड्यांची नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढावयाची लवचिक दातेरी साखळी वापरली. इंजिनावर चालणारी करवत जर्मनीत १९२० च्या दशकात आली. आंद्रेआस श्टील आणि एमिल लेर्प ही त्यातील दोन प्रमुख नावे. परंतु आजची साखळी ज्या दात्यांमुळे कापते, त्यांचे श्रेय एका अळीला द्यावे लागेल. १९४६ मध्ये ओरेगॉनमधील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात भुंग्याची अळी लाकूड कुरतडताना पाहिली. ती सरळ पुढे न खाता डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून खात होती. कॉक्स यांनी त्याच धर्तीवर एक दाता डावा, एक उजवा अशी साखळी घडवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंड येथे तिचा व्यवसाय सुरू केला.

तोडणे वेगळे, चिरणे वेगळे

झाड तोडताना साखळी लाकडाच्या तंतूंना आडवी छेदते. फळी पाडताना ती तंतूंच्या दिशेने, उभी जाते. नवखे लोक हाच फरक विसरतात. आडव्या कापासाठीच्या साखळीचे दाते साधारणपणे ३० अंशांच्या कोनात घासलेले असतात; उभ्या चिरणीसाठी हा कोन सुमारे १० अंशांवर आणतात. फळीचा पृष्ठभाग त्यामुळे गुळगुळीत येतो. शिवाय तोडणीचा काप काही सेकंदांत संपतो, तर दोन फूट रुंदीच्या ओंडक्यात इंजिनाला अनेक मिनिटे सलग पूर्ण ताकदीने चालावे लागते. म्हणूनच या कामाला ७० घनसेंटिमीटर किंवा त्याहून मोठे इंजिन लागते. फांद्या छाटण्यासाठी घेतलेली लहान करवत चौकटीत बसवणे म्हणजे ती जाळण्याचीच तयारी होय.

पहिला काप सर्वांत महत्त्वाचा. ओंडक्याचा वरचा भाग सपाट नसल्याने त्यावर सरळ फळी किंवा ॲल्युमिनियमची शिडी घट्ट बसवतात आणि चौकट तिच्यावरून सरकवतात. ही शिडी वाकडी बसली, तर पुढची प्रत्येक फळी तोच वाकडेपणा घेऊन निघते. काप पुढे सरकेल तसतशी मागे लाकडी पाचर मारतात. लोखंडी पाचर कदापि वापरू नये.

आता हिशेब. साखळीचा काप सुमारे ९ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे प्रत्येक फळीमागे तेवढे लाकूड भुसा होऊन उडते. २५ मिलिमीटरच्या फळ्या पाडल्या, तर ३४ मिलिमीटर लाकडातील ९ मिलिमीटर वाया जाते; एक चतुर्थांशाहून अधिक. गिरणीतील पट्टा-करवतीचा काप २ मिलिमीटरच्या आसपास असल्याने तेथे हीच नासाडी सात टक्क्यांवर येते. ओंडका हलवणे शक्य असेल, तर परवानाधारक गिरणीच स्वस्त पडते. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून जाड फळ्या हव्या असतील, अथवा ओंडका दरीत, ओढ्यात, अरुंद पाणंदीच्या टोकाला पडला असेल, तेथेच ही चौकट कामाची.

पाडलेली फळी लगेच सुताराच्या हाती देऊ नये. समशीतोष्ण हवेत इंचभर जाडीला एक वर्ष वाळवण, असा ठोकताळा आहे. फळ्यांची टोके रंगाने किंवा मेणाने बंद करून, मध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या ठेवून सावलीत थप्पी रचावी लागते. कोकणच्या पावसाळ्यात हे काम किती जिकिरीचे, ते सांगावयास नको.

कानस, तेल आणि पेट्रोल

साखळी सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या वर धावते. या वेगात बोथट दाते कापत नाहीत, नुसते घासतात. घर्षणाने उष्णता वाढते, साखळी सैल होते, पात्याची खोबण झिजते आणि भार अखेर इंजिनावर येतो. यंत्राच्या बहुतेक आजारांचे मूळ न लावलेल्या धारेत असते.

धार गोल कानशीने लावतात आणि कानशीचा व्यास साखळीच्या मापावर ठरतो. ०.३२५ इंच मापाच्या साखळीला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. प्रत्येक दात्याला सारख्याच संख्येने घासा द्यावा. एका बाजूचे दाते लांब, दुसरीकडचे आखूड राहिले, तर काप एका अंगाला ओढू लागतो. दात्यापुढे एक लहान उंचवटा असतो. दाता किती खोल शिरावा, हे तो ठरवतो. दात्याच्या धारेपेक्षा तो साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा लागतो. चार-पाच वेळा धार लावल्यावर दाता खाली जातो, उंचवटा मात्र तसाच राहतो. मग धारदार करवतही लाकडाला टेकून नुसती सरकते. चपट्या कानशीने तो उतरवावा, पण अति उतरवला तर साखळी लाकडात घुसून झटके देते. सागाच्या लाकडात सिलिकेचे कण असल्याने धार लवकर जाते. तेथे प्रत्येक टाकीनंतर कानस हाती घ्यावी.

साखळी बोथट झाल्याची नेहमीची खूण, म्हणजे चिपाड्यांऐवजी पीठ पडणे, ही उभ्या चिरणीत फसवी ठरते. कारण तेथे चांगली साखळीही बारीकच भुसा पाडते. धूर येणे, यंत्र ढकलावे लागणे आणि काप भरकटणे, या खुणांवर लक्ष ठेवावे. या बारीक भुशाने हवेची गाळणीही चटकन तुंबते, म्हणून पेट्रोल भरताना दर वेळी ती झटकावी. साखळीच्या तेलाची टाकी त्याच वेळी भरावी. दिवस संपल्यावर पात्याची खोबण साफ करून पाते उलटे बसवावे, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

इंजिन दोन-धक्क्यांचे असल्याने वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ५० ला १ हे प्रमाण असेल, तर लिटरमागे २० मिलिलिटर. तेलाविना पेट्रोल भरले, तर दट्ट्या जाम होण्यास थोडाच वेळ पुरतो. घाईगर्दीत ही चूक सर्रास होते आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळ जातो. आपल्याकडे आणखी एक नवी बाब आहे. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर आले. इथेनॉल हवेतील ओल शोषते. यंत्र महिनोन् महिने पेट्रोल भरून ठेवले, तर कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो आणि रबरी भाग खराब होतात. आपल्या यंत्राला किती इथेनॉल चालते, ते पुस्तिकेत पाहावे. काम संपल्यावर टाकी रिकामी करून उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला, तर करवत उसळून चालकाच्या अंगावर येते. चौकटीत टोक बांधलेले असल्याने हा धोका बराच कमी होतो, परंतु कानठळ्या बसवणारा आवाज, धूर आणि हातांना बधिर करणारी कंपने उरतातच. कानांचे संरक्षक, जाळी किंवा चष्मा, कापरोधक विजार आणि बूट यांवरचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. तो वगळून स्वस्ताईचा हिशेब मांडणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

कायद्याचेही भान हवे. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर अशी झाडे असून ती खासगी जमिनीवर असली, तरी तोडण्यास परवानगी लागते. शहरांत १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे. पडलेल्या झाडाचे लाकूड हलवण्यापूर्वीही वन कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाने तर विक्रीसाठी साखळी करवतीने फळ्या पाडण्यावर १९९८ मध्ये बंदीच घातली. तरीही तेथील स्थानिक बाजारात असे लाकूड येतच राहिले.

कपाटातील चांदी, संगणकातील नाणे

सामान्य अमेरिकनाला धातूचे नाणे हाती असावेसे वाटते, त्याला इतिहास आहे. १९३३ मध्ये तेथील सरकारने खासगी सोने जमा करण्याचा हुकूम काढला आणि ही बंधने १९७४ च्या अखेरीसच उठली. आपल्याकडेही १९६३ चा सुवर्ण नियंत्रण आदेश आणि १९६८ चा कायदा येऊन गेला; तो १९९० मध्ये रद्द झाला. सरकारने एकदा हात घातलेली वस्तू लोक अधिकच घट्ट धरतात.

पण येथेही भुसा आहे. दागिना घेताना सोन्यावर ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ. घडणावळ १० टक्के धरली, तरी सुमारे १३ टक्के रक्कम विकताना परत येत नाही; सराफ मोडीत घेताना घट लावतो ती निराळीच. नाणे किंवा वेढणी घेतल्यास घडणावळ बरीच वाचते. चांदी हवेतील गंधकाने काळी पडते, तितक्याच किमतीच्या सोन्यापेक्षा कैकपट जागा खाते आणि भावात अधिक हेलकावे घेते. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेलेली चांदी २७ मार्च १९८० रोजी ११ डॉलरच्या खाली आली. तो उच्चांक मागे पडण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. वर्षाकाठी थोडे शुल्क घेणारे सोन्याचे ईटीएफ आपल्याकडे २००७ पासून आणि चांदीचे २०२२ पासून आहेत. हा मधला माणूसच, पण लॉकरचे भाडे आणि घट यांच्या तुलनेत बहुधा स्वस्त.

बिटकॉइनची गोष्ट आणखी टोकाची. २००९ मध्ये सुरू झालेल्या या चलनाची संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. किमतीला मात्र अशी कोणतीच मर्यादा नाही, वरही नाही आणि खालीही नाही. नोव्हेंबर २०२१ मधील सुमारे ६९ हजार डॉलरचा भाव वर्षभरात १६ हजारांखाली घसरला होता. नाणी बाजारमंचावर ठेवली, तर मंच बुडण्याची भीती. २०१४ मध्ये जपानमधील माउंट गॉक्स, २०२२ मध्ये एफटीएक्स ही त्याची उदाहरणे, तर जुलै २०२४ मध्ये भारतातील वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली. स्वतःजवळ ठेवली, तर गुप्त किल्लीचे १२ किंवा २४ शब्द जपण्याची जबाबदारी आपली. ते हरवले की दाद मागण्यास खिडकी नाही.

करआकारणीचा भुसा तर सर्वांत जाड. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि उपकर लागू झाला. १ जुलै २०२२ पासून व्यवहाराच्या रकमेतून १ टक्का कापला जाऊ लागला. एका नाण्यात ५० हजारांचा नफा आणि दुसऱ्यात ५० हजारांचा तोटा झाला, तर हातात काहीच उरलेले नसते. पण तोटा वजा करण्याची मुभा नसल्याने नफ्यावरील १५ हजार रुपये आणि उपकर भरावाच लागतो. हौस म्हणून महिन्याला हजार-दोन हजार गुंतवणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना हे विवरणपत्र भरतानाच कळते.

सोन्याची पावती, हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक आणि किल्लीचे शब्द लिहिलेला कागद कोठे आहे, हे घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावे. कागद संगणकावर किंवा मोबाइलमध्ये छायाचित्र काढून ठेवू नये. आणि करवत असलेल्या घरात तो पेट्रोलच्या डब्याजवळच्या फडताळात तर मुळीच नको.