आनिमाल त्रिस्ते

जर्मन लेखिका मोनिका मारोन (जन्म १९४१) यांची १९९६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. समागमानंतर प्राणिमात्र खिन्न होतो, अशा अर्थाच्या जुन्या लॅटिन वचनातून शीर्षक घेतले आहे. मारोन यांचे सावत्र वडील कार्ल मारोन पूर्व जर्मनीचे गृहमंत्री होते; मोनिका यांची स्वतःची पहिली कादंबरी मात्र १९८१ मध्ये पश्चिम जर्मनीत छापावी लागली. १९८८ मध्ये त्या हांबुर्गला गेल्या.

कथानक छोटे आहे. बर्लिनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात काम करणारी एक जीवाश्मशास्त्रज्ञ, बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या वर्षी, ब्रॅकिओसॉरसच्या अवाढव्य सांगाड्याखाली उल्महून आलेल्या एका विवाहित मुंगी-अभ्यासकाला भेटते. प्रेम जडते, मत्सर वाढतो, एका रात्री तो जातो. मग ती घराचे दार लावून घेते आणि अनेक दशके त्या प्रेमाशिवाय दुसरे काही आठवत नाही.

सगळी कादंबरी त्या बंद खोलीतून सांगितली आहे. निवेदिकेला नाव नाही. आपण नव्वदीच्या आहोत की शंभरीच्या, हेही ती नक्की सांगत नाही. प्रियकराचे खरे नाव विसरल्यामुळे तिने त्याला ‘फ्रांत्स’ हे नाव दिले आहे. अशा निवेदिकेला अविश्वसनीय म्हणून बाजूला सारणे सोपे असले तरी ते चूक ठरेल. ती वाचकाला फसवत नाही. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे तिने ठरवले आहे, आणि ते ती उघड सांगते. विसरणे ही येथे वार्धक्याची पडझड नसून इच्छेने केलेली कृती आहे.

मराठी वाचकाला हे भाषेच्या अंगाने चटकन कळेल. आपण ‘मला आठवते’ म्हणतो. आठवण आपणहून येते, माणूस फक्त ती घेतो. जर्मनमधील ‘सिख एरिनर्न’ हे क्रियापद आत्मवाचक आहे, जणू माणूस स्वतःलाच आठवण करून देतो. ही निवेदिका अक्षरशः तेच करते.

फ्रांत्स जाताना चष्मा विसरतो. ती तो लावत राहते आणि आपले धडधाकट डोळे बिघडवून घेते. दृष्टिकोन, स्मृती आणि अभिलाषा यांची गाठ मारोन यांनी या एका वस्तूत मारली आहे: ज्याला पाहायचे त्याच्याच काचेतून पाहिल्याने त्याच्या जवळ गेल्यासारखे वाटते आणि जग धूसर होते. तो पत्नीबरोबर हेड्रियनची भिंत पाहायला जातो, तेव्हा जे तिने पाहिलेच नाही तेही ती बारकाव्यांनिशी रंगवते. मत्सराला साक्षीदार लागत नाही.

पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या मीलनाचे रूपक म्हणूनही ही कादंबरी वाचता येते. ते वाचन अपुरे वाटते. प्लिनी मूडी याच्या अमेरिकेतील बागेत सापडलेले डायनोसॉरचे ठसे पाहण्याची निवेदिकेची जुनी आस आहे. बर्लिनच्या भिंतीमुळे ती पुरी होणे अशक्य होते. वाट मोकळी होते तेव्हा आसेची जागा फ्रांत्सने घेतलेली असते. राजकीय मुक्ती तिच्या इच्छेला मोकळे करते, पण कुठे वळवायचे ते ठरवत नाही. क्लाइस्टच्या नाटकातील, प्रियकराचाच जीव घेणारी पेंथेसिलेआ म्हणूनच या कादंबरीच्या पार्श्वभूमीवर उभी आहे.

टाळून ठेवलेली शेवटची रात्र अखेर सांगितली जाते. फ्रांत्स बसखाली येतो. तिचा हात सुटला की तिने त्याला लोटले, हे तिच्या निवेदनातून निश्चित होत नाही.