तांब्याची तार

गेल्या आठवड्यात आमच्या घरातली तांब्याची तार निघाली. फायबरवाला पोरगा आला, पोटात केसाएवढी काच असलेली वायर भिंतीतून आत घेतली, खोका लावला आणि तासाभरात गेला. नंबर मात्र तोच राहिला. आईची तेवढीच अट होती!

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं जानेवारी १८८२ मध्ये. आमच्याकडे फोन यायला १९८७ उजाडलं. बाबांनी नाव नोंदवून आठ वर्षं झाली होती. पेढे वाटले होते चाळीत. पुढे त्याच तारेवरून इंटरनेट आलं (व्हीएसएनएलने सामान्यांसाठी ते १५ ऑगस्ट १९९५ ला खुलं केलं). मोडेमची ती किरकिर, आणि फोन लागत नाही म्हणून आत्याची बोलणी...

काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून प्रकाश लांबवर नेता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडलं. नोबेल मिळालं २००९ मध्ये. म्हणजे आमच्या बाबांपेक्षाही जास्त वाट पाहिली त्यांनी!

असो. तांब्यातून आवाजाबरोबर वीजही यायची, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची, ४८ व्होल्ट. त्यामुळे लाईट गेली तरी फोन चालू. बाबांना अटॅक आला त्या रात्री लाईट नव्हती. डॉक्टरांना मी त्याच फोनवरून बोलावलं, म्हणून पुढची अकरा वर्षं ते आमच्यात होते. काचेतून वीज येत नाही. परवा संध्याकाळी लाईट गेली तेव्हा आईने सवयीने रिसीव्हर उचलला आणि कानाला लावून बराच वेळ उभी राहिली.

उद्या त्या खोक्यासाठी छोटा यूपीएस आणतोय.