तंबाखूचा दुसरा नकाशा

निपाणीच्या परिसरात ‘नकाशा’ या शब्दाला 1956 पासून वेगळीच धार आली आहे. सीमारेषा कोठून जावी, या प्रश्नात येथील माणसांची आयुष्ये सरली. याच मुलखाचे पीक असलेल्या तंबाखूचा संबंध मात्र आणखी एका नकाशाशी आला आणि सीमा त्यातही होत्याच.

जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान वर्तुळे आढळतात. ‘प्लाझ्मिड’ हे त्यांचे नाव लेडरबर्ग यांनी 1952 साली सुचविले. झाडाच्या बुंध्याशी गाठी उठविणाऱ्या जिवाणूत सुमारे 2 लाख अक्षरजोड्यांचे असे वर्तुळ असल्याचे 1974 साली बेल्जियममधील घेंट येथे आढळले. त्याचा एक तुकडा तंबाखूच्या पेशींत शिरून राहतो, हे मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली दाखविले. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना 25 अक्षरजोड्यांची खूण असते. शास्त्रज्ञ तिला डावी व उजवी ‘सीमा’च म्हणतात! दोन सीमांमधील मजकूर तेवढा झाडात जातो. मग तेथे परके जनुक का ठेवू नये? 1983 साली तंबाखूच्या पेशींवर तेही साधले. त्याच्या दोनच वर्षे आधी निपाणीचा शेतकरी याच पिकाच्या भावासाठी हमरस्त्यावर बसला होता. प्रयोगशाळेतील तंबाखूची वार्ता त्याच्या कानी पडण्याचे कारणच नव्हते.

आरंभी हे नकाशे हातानेच काढीत. ठरावीक अक्षरांपाशी डीएनए कापणारी विकरे वापरून तुकडे करावयाचे, जेलवर त्यांची लांबी मोजावयाची आणि कोणता तुकडा कोणाशेजारचा, हे तर्काने जुळवावयाचे. फाटलेला सातबारा सांधण्यासारखेच ते काम. पुढे अक्षरेच वाचता येऊ लागली. पीबीआर 322 या लहानशा प्लाझ्मिडची 4361 अक्षरे डोळ्यांनी चाळून छेदनस्थाने शोधणे अशक्य नव्हे, पण चुकीला मोकळे रान देणारे होते. केंब्रिजच्या रॉजर स्टेडन यांनी 1977 साली असा मजकूर हाताळणाऱ्या संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केल्या. आज ‘स्नॅपजीन’ किंवा मोफत मिळणारी ‘एप’ ही आज्ञावली तेच वर्तुळ क्षणात रेखाटते, जनुकांना रंगीत बाण देते, छेदनस्थाने आणि सीमा दाखविते.

परंतु वर्तुळाच्या सुबकपणावर भुलणे धोक्याचे. आज्ञावलीला दिलेला मजकूर चुकला, तर नकाशाही तितक्याच ऐटीत चुकतो. म्हणून प्लाझ्मिड हाती आले की दक्ष संशोधक त्याला आधी विकराची कात्री लावतो, तुकडे मोजतो आणि मगच पडद्यावरील वर्तुळाकडे वळतो.