यात्रेकरूंचे वजन आणि पुलाची जाडी

देवास गेट हे उज्जैनच्या रेल्वे स्टेशनाजवळचे गजबजलेले बसस्थानक. नावातले देवास म्हणजे पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे देवास. आणि उज्जैन म्हणजे दौलतरावांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवण्यापूर्वीची शिंद्यांची राजधानी. हा इतिहास आपण मुलांना सांगतो. परंतु येथे उतरून शिप्रेकडे जाणारे यात्रेकरू ज्या पुलांवरून जातात, त्यांची जाडी कशी ठरते, याही इतिहासात एक मराठी नाव आहे.

१९२७ साली सरकारने रस्त्यांच्या विकासासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. समितीच्या शिफारशींतूनच डिसेंबर १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था जन्मली. पुलावर कोणता भार धरावा, याची तिची संहिता १९५८ साली छापली गेली.

जितका स्लॅब जाड तितका पूल मजबूत, असा सर्वसाधारण समज असतो. हिशेब निराळे सांगतो. सळ्यांसह काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे २५०० किलो. म्हणजे २० सेंटीमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला ५०० किलो भरतो. १०० मीटर लांब व साडेसात मीटर रुंद पुलावर जाडी केवळ ५ सेंटीमीटरने वाढवली, तर सुमारे ९४ टन बोजा वाढतो. संहितेत धरलेले रणगाड्यासारखे अवजड वाहनही ७० टनांचे! हा वाढीव बोजा गर्डर, खांब आणि पाया यांनी जन्मभर वाहायचा. उलट स्लॅब पातळ ठेवला, तर चाकाखाली तडे जातात, पाणी मुरते, सळ्या गंजतात. म्हणून गर्डरवरचा स्लॅब निदान २० सेंटीमीटरचा हवा, असा दंडक आहे.

चाकाचा भार एका जागी रुततो, गर्दीचा सर्वत्र पसरतो. पादपथावर एरवी चौरस मीटरला ४०० किलो भार धरतात. पण तीर्थक्षेत्री आणि मोठ्या जत्रांच्या गावी तो ५०० किलो धरावा, असे संहिता बजावते. एका चौरस मीटरवर सात-आठ माणसे! त्या २० सेंटीमीटरच्या स्लॅबचे स्वतःचे वजनही नेमके तेवढेच. उज्जैन, नाशिक, पंढरपूर येथील भाविकांची अशी नोंद रूक्ष नियमावलीत आहे.

नियम नव्या पुलाला लागू होतो. जुन्या पुलाला तो आठवून द्यावा लागतो. १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला, चार जीव गेले. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. घनफळाचे गणित शिकवताना गावच्या पुलाचे माप मुलांकडून घ्यावे आणि त्यावर किती माणसे उभी राहतात, हेही त्यांनाच मोजायला सांगावे. धोक्याची पाटी दिसताच मागे फिरणारे नागरिक त्यातूनच घडतील.