माळवदाची माती आणि स्लॅबवरचा थर



माझ्या नणंदेच्या घराचं बांधकाम सुरू आहे. परवा तिचा फोन आला, "वहिनी, स्लॅबवर उष्णता अडवायचा थर टाकायचाय म्हणतात. कंत्राटदार म्हणतो तुम्ही कशाला उन्हात वर येता, आम्ही करतो सगळं. जाऊ का नको?" मी म्हटलं, जाच, आणि टेप घेऊन जा. असं का म्हटलं, ते सांगायला मला थेट मराठवाड्यातल्या माळवदापर्यंत मागे जावं लागेल.

माझं माहेर औसा तालुक्यातलं. तिकडची जुनी घरं म्हणजे धाब्याची, माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया. घर किती मोठं ते खणांवर मोजायचं. तुळयांवर फळ्या किंवा काड्या, त्यावर पाला आणि वर मातीचा जाड थर. त्यासाठी गावच्या पांढरीतली माती आणत. काळी माती पेरायला आणि पांढरी घराला, कारण पांढऱ्या मातीतून पाणी लवकर झिरपत नाही.

ही माती फक्त पावसासाठी नव्हती. वैशाखाच्या दुपारी बाहेर अंग भाजत असताना आजी माजघरात फरशीवर पडून शांत झोपायची. मातीचा जाड थर उष्णता हळूहळू आत घेतो. दुपारचं ऊन आतपर्यंत पोचायला रात्र होते, आणि तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो. 'इन्सुलेशन' हा शब्द आपल्याकडे नव्हता, पण ते काम आपल्या आज्यापणज्यांच्या डोक्यावरची माती रोज करत होती.

या मातीची देखभालही बायकांच्याच अंगावर. चातुर्मासाच्या आधी, पहिला पाऊस पडायच्या आत, माळवदावर नवी माती टाकायची, ओली करायची, चोपायची. जिथं गळलं तिथं पुन्हा माती. जुनी काढून नवी टाकणारी घरं थोडी. बहुतेक घरांत जुन्यावर नवी पडत गेली. सासूने टाकली, सुनेने टाकली, नातसुनेने टाकली, आणि थर फुटाचा दीड फूट, दीडाचा दोन फूट झाला.

आता हिशेब करून पाहू. दहा बाय दहाच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दोनशे घनफूट. कोरड्या मातीचं वजन धरलं तरी ते नऊ टनांच्या घरात जातं. पावसात भिजली की त्याहून जास्त. एवढा भार माथ्यावर घेऊन आपण पिढ्यानपिढ्या झोपत होतो. घर गार होतं, म्हणून कुणी वर पाहिलं नाही.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. आपल्या दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस, आणि गावोगावी गणपती विसर्जनाचा. मिरवणुका आटोपून माणसं उशिरा झोपली होती. ३० तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसं गेली.

नंतर अभियंत्यांनी पडलेली घरं पाहिली, तेव्हा कारण भिंतीच्या पोटात निघालं. बाहेरून दिसायला एकसंध असलेली भिंत खरं तर दोन पदरी होती. बाहेरच्या बाजूला दगडांचा एक पदर, आतल्या बाजूला दुसरा आणि मध्ये माती-खडीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादरा बसताच पदर एकमेकांपासून सुटले. कित्येक घरांत लाकडी खांब उभे राहिले, पण दगड आणि वरची माती खाली झोपलेल्यांवर आली.

मातीला दोष देऊन मी मोकळी होत नाही. मातीने घर गार ठेवण्याचं काम चोख केलं होतं. तिचं वजन पेलेल अशी भिंत खाली आहे का, हे बांधताना कुणी तपासलं नव्हतं, आणि एकदा गिलावा झाल्यावर ते दिसणारही नव्हतं.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या मदतीने राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. बाकीच्या शेकडो गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती. हे दुसरं काम घरमालकांनी स्वतः करून घ्यायचं होतं. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवणे, असे उपाय सांगितले गेले. पण गवंडी ते खरंच करतो आहे का, हे दोन लाख घरांत कोण बघणार?

इथे बायका पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेला सरकारने लोकसहभागाचं काम दिलं. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या. ज्यांना घराच्या कामात कुणी कधी विचारलं नव्हतं, त्या बायका दगड कसा बसवायचा, सिमेंट किती, वाळू किती हे शिकल्या, घरोघरी जाऊन समजावू लागल्या आणि काम चालू असताना उभं राहून बघू लागल्या. गवंड्याला "थांब, आधी दाखव" म्हणायची सवय त्यांना तिथं लागली.

पण गोष्ट इथं संपत नाही. नव्या वसाहतींतली घरं सुरक्षित होती, भिंती पातळ होत्या आणि छतं काँक्रीटची. पुष्कळांना ती उन्हाळ्यात सोसवेनात. माझी एक मावशी तर म्हणायची, "भूकंपातनं वाचले, आता भाजून मरते का काय!" वजन गेलं ते बरंच झालं, पण वजनाबरोबर गारवाही गेला, आणि त्याची जागा कशाने भरायची याचा विचार मागे पडला.

आज तो विचार करता येतो. मातीचं ओझं न घेता उष्णता अडवणाऱ्या वस्तू आता मिळतात. एक्सपीएस नावाची फोमची कडक पाटी असते. दोन इंच जाडीची पाटी दर चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही. दोन फूट माती तेवढ्याच जागेत साडेनऊशे किलोंच्या पुढे जाते. आणि उष्णता अडवण्यात ही पाटी त्या मातीला हार जात नाही. आपल्याकडे सर्रास घालतात तो विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी थांबवायला चांगला, पण उष्णता तो थोडीच अडवतो आणि वजन मात्र भरपूर वाढवतो.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत यावी याला तिने मर्यादा घातली. आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरला १.२ वॅट, त्याहून जास्त नको. नुसत्या सहा इंची स्लॅबमधून याहून कितीतरी जास्त उष्णता येते. पण २०१८ ची ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी होती. तुमच्या-माझ्या छोट्या घराकडे बघायला कुणी येत नाही. तिथं संवाद सहायक आपणच.

म्हणून नणंदेला मी जे लिहून पाठवलं, तेच तुम्हालाही सांगते.

पहिलं, कुठला थर कुठल्या क्रमाने येणार ते अभियंत्याकडून कागदावर घ्या, आणि स्लॅब एकूण किती वजन पेलणार ते विचारा. जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकायला निघाले तर हा प्रश्न आधी विचारा. माळवदाचं तेच झालं होतं.

दुसरं, पाट्या आल्या की वेष्टनावरची जाडी वाचा आणि स्वतः टेप लावून मोजा. तुटलेल्या, कोपरे उडालेल्या पाट्या बाजूला काढायला सांगा.

तिसरं, पाट्या अंथरल्यावर, वरचा थर पडायच्या आत, गच्चीवर जा. दोन पाट्यांमध्ये फट नको. कठड्याच्या कडेला आणि पाण्याच्या पाइपाभोवती हमखास जागा सुटते. तिथून ऊन आत येतंच.

चौथं, पाणी अडवणारा थर झाला की गच्चीवर पाणी साठवून एक-दोन दिवस खालून छत बघा. ओल दिसली तर पुढचं काम थांबवा.

पाचवं, प्रत्येक थराचा फोटो तारखेसह ठेवा. थर झाकला की पुरावा तेवढाच उरतो.

पाणी गाळल्याशिवाय आपण पीत नाही. ते नितळ दिसतं म्हणून गाळायचं सोडत नाही. भिंत आणि छतही तसंच, वरून गुळगुळीत दिसलं म्हणून आत सगळं ठीक आहे असं नाही.

नणंद काल गच्चीवर जाऊन आली. कठड्याच्या कडेला चार बोटं फट होती. भरून घेतली, आणि मगच वरचा थर टाकू दिला.