टायटॅनियमची सुरी

टायटॅनियमची सुरी ही खरं तर चांगली सुरी नव्हेच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणाला विकत घ्यायची हुक्की आली तर बोल मला नको! तरीही काही हौशी कारागीर विमान कारखान्यांचं भंगार किलोवर विकत आणतात आणि रात्र-रात्र बसून त्यातून सुऱ्या करतात. का करत असतील? त्यासाठी जरा मागे जाऊ.

१७९१ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला काळ्या वाळूत एक नवंच द्रव्य सापडलं. (तशी काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे.) चार वर्षांनी क्लापरोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटन्सचं नाव दिलं. नाव दणदणीत, पण धातू म्हणून पुढची दीडशे वर्षं उपयोग जवळपास शून्य. कारण हा गडी ऑक्सिजनला असा चिकटून बसतो की सुटता सुटत नाही. शेवटी लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोलने मॅग्नेशियम वापरून तो सोडवायची रीत शोधली, आणि १९४० साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं.

आणि मग सुरू झालं शीतयुद्ध. घनता ४.५, म्हणजे पोलादाच्या (७.८) निम्म्याहून थोडी जास्त, ताकद चांगल्या पोलादाच्या तोडीची, वर गंज नाही. लष्करांना आणखी काय हवं?

अमेरिकेत लॉकहीडने ए-१२ (पहिलं उड्डाण १९६२) आणि एसआर-७१ (१९६४) ही हेरगिरीची विमानं बहुतांशी टायटॅनियमची केली. गंमत म्हणजे त्यातलं बरंच टायटॅनियम मध्यस्थ कंपन्यांमार्फत गुपचूप सोव्हिएत युनियनमधूनच आणलं होतं. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्याचकडून माल!

आमच्यासारख्या डीबगिंगवर पोट भरणाऱ्यांना आवडेल असा एक किस्सा याच कारखान्यातला. उन्हाळ्यात वेल्ड केलेले भाग लवकर निकामी व्हायचे, हिवाळ्यातले मात्र टिकायचे. डिझाइन तेच, माणसं तीच. शोधता शोधता कळलं की शेवाळं होऊ नये म्हणून उन्हाळ्यात गावच्या नळाच्या पाण्यात जास्त क्लोरीन घालत, आणि भाग त्याच पाण्याने धुतले जात. मग डिस्टिल्ड वॉटर वापरायला लागले. बग कोडमध्ये नव्हताच, एन्व्हायर्नमेंटमध्ये होता :)

तिकडे सोव्हिएतांनी तर अख्खी पाणबुडीच टायटॅनियमची बांधली. के-१६२ तिचं नाव. १९७० मध्ये तिने पाण्याखाली ४४.७ नॉट, म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेग गाठला. पण खर्च इतका की लोक तिला 'सोनेरी मासा' म्हणायला लागले, आणि तशी दुसरी बांधलीच नाही.

१९९१ ला देशच मोडला. उरल पर्वतातलं वेर्खन्याया साल्दा हे गाव टायटॅनियमच्या प्रचंड कारखान्यावर जगणारं. लष्कराच्या ऑर्डरी आटल्या. त्या काळात रशियात ठिकठिकाणी कामगारांचे पगार महिनोन्महिने थकत होते. मग अण्वस्त्रांच्या जमान्यासाठी उभारलेल्या या कारखान्याने फावडी आणि बागेची अवजारं काढली! पुढे गिऱ्हाईक म्हणून चक्क बोइंग आली. ते नातं २०२२ च्या युक्रेन युद्धापर्यंत टिकलं. आणि तो सोनेरी मासा? २०१० मध्ये तो भंगारात तोडला गेला.

आता सुरीकडे येऊ. लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो आणि ते कडक होतं, ती सगळी करामत कार्बनची. टायटॅनियममध्ये ती सोय नाही. विमानात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत (६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम) कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण ३६. स्वयंपाकघरातल्या बऱ्या पोलादी सुरीचा ५५ ते ६०. म्हणजे चार दिवस टोमॅटो कापले की धार गेलीच समजा.

तापवून ठोकावं तर तापलेला धातू हवेतला ऑक्सिजन पितो आणि वरचा थर ठिसूळ होतो. म्हणून बहुतेक जण थंडच कापतात आणि घासतात. तिथेही त्रास आहेच. उष्णता पटकन वाहून जात नाही, त्यामुळे ड्रिलची टोकं जळतात. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर पोलादाच्या पिवळ्या-केशरी ठिणग्या आपण पाहिल्यात. टायटॅनियमच्या पांढऱ्याशुभ्र उडतात. भंगारात टायटॅनियम ओळखायची ही एक खूणच. पण त्याची बारीक भुकटी पेटली तर पाणी टाकायचं नाही, आग जास्तच भडकते. कोरडी वाळू जवळ ठेवायची.

धारेवर एक तोडगा आहे. टंगस्टन कार्बाइडच्या काडीने विजेच्या ठिणग्या पाडून धारेच्या फक्त एका बाजूला पातळ थर चढवायचा. दुसरी, मऊ बाजू आधी झिजते आणि कार्बाइडची कड पुढे राहते. वापरता वापरता सुरी स्वतःलाच धार लावते म्हणा ना. शिवाय टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही आणि समुद्राच्या पाण्यात गंजत नाही, त्यामुळे सुरुंग काढणाऱ्या पाणबुड्यांना, म्हणजे डायव्हर्सना, ते खरोखर उपयोगी पडतं.

बाकीच्यांना? पोलादाची सुरी स्वस्त, सोपी आणि सरस. मला वाटतं, हे त्या कारागिरांनाही पक्कं माहीत असतं. पण जो धातू वाळूतून सोडवायला दीडशे वर्षं लागली आणि ज्यासाठी दोन महासत्तांनी तिजोऱ्या रिकाम्या केल्या, त्याचा तुकडा किलोच्या भावाने समोर पडलेला पाहून त्यांचा हात शिवशिवत असणार. ज्या धातूवर फक्त सरकारांचा हक्क होता, त्यावर आता घरामागच्या शेडमधला कोणीतरी शनिवारी रात्री हात आजमावतोय. सोनेरी माशापेक्षा मला ही सुरी जास्त आवडते, मग ती टोमॅटो चिरो न चिरो.

असो. आमच्या घरी अजून विळीच चालते, आणि तिला टायटॅनियमची गरज नाही!