सहकाऱ्याची भावना आणि सहकाऱ्याचा हक्क



कचेरी असो, कारखाना असो वा शाळा असो, जेथे माणसे पोटासाठी एकत्र येतात तेथे त्यांचे निरनिराळे संस्कारही एकत्र येतात. एकाचा उपवास असतो, दुसऱ्याच्या डब्यात कांदा-लसूण असतो. या सर्वांची मने सांभाळावयाची, आणि तरीही कोणाच्या स्वातंत्र्याला बाध येऊ द्यावयाचा नाही, हे कसे साधावे? हा प्रश्न नवा नाही. मराठी राजांच्या संस्थानांत आणि मुंबईच्या गिरण्यांत तो शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्याची तीन उदाहरणे आज आपणांपुढे ठेवतो.

पहिले बडोद्याचे. आपल्या देपालपूरप्रमाणेच इंदूर जिल्ह्यात असलेल्या महू येथे १८९१ साली जन्मलेले डॉ. भीमराव आंबेडकर परदेशातील शिक्षणानंतर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. परंतु कचेरीतील शिपाई विटाळाच्या भयाने कागदपत्रे त्यांच्या मेजावर दुरून टाकीत. तेथे त्यांना प्यावयास पाणी मिळत नसे. शहरात राहावयास जागाही मिळेना. अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. महाराजांचा हेतू शुद्ध होता यात शंका नाही. पण त्या हेतूला कचेरीच्या नियमाचे रूप आलेले नव्हते. त्यामुळे शिपायाची भावना अबाधित राहिली आणि तिची किंमत अधिकाऱ्याने मोजली.

दुसरे उदाहरण कोल्हापूरचे. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मात्र जागा मिळाली म्हणजे मान मिळतोच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ साली त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना स्पष्ट आज्ञा केली. संस्थानच्या नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना ममतेने व समतेने वागवावे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, त्यांना पेन्शन मिळणार नाही. आज्ञा कठोर होती. तथापि तिच्यातील विवेक पाहण्यासारखा आहे. घरी कोणी काय मानावे याविषयी ती काही बोलत नाही. नोकरीत कसे वागावे, एवढेच ती सांगते. ज्याला आपली भावना नोकरीपेक्षा प्रिय असेल त्याने तिची किंमत स्वतः मोजावी, असा तिचा अर्थ आहे.

तिसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण तेथे वरिष्ठ आणि कनिष्ठ असा भेद नाही, सारेच कामगार. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात मजुरी अधिक मिळे, पण अस्पृश्यांना तेथे प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक छिद्रातून तोंडाने ओढून घेण्याची रीत होती, आणि उष्ट्या धोट्याने विटाळ होईल असे स्पृश्य विणकरांचे म्हणणे असे. १९२८ च्या प्रदीर्घ संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने आपल्या मागण्यांत घेतली. तेव्हा गिरणीमालकांनी त्यांनाच ऐकविले की, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. मालकांचे हे उत्तर संपूर्ण खरे नव्हते, कारण खात्यात माणसे भरणे त्यांच्याच अखत्यारीत होते. पण पुढाऱ्यांना ते झोंबण्याइतके खरे होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तोंडाने सूत ओढण्याची ही रीत आरोग्याला घातक म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच कायद्याने बंद केली होती. हाताने ओवता येणारा धोटा मुंबईत सर्वत्र आणला असता तर कोणाच्या उष्ट्याचा प्रश्नच उरला नसता, आणि स्पृश्य विणकराची छातीही वाचली असती. अवजार बदलण्याऐवजी माणसाला दाराबाहेर ठेवणे सर्वांना सोयीचे वाटले.

या तीन उदाहरणांतून मला जो निकष दिसतो तो असा. ज्या भावनेचा भार तिचा धनी स्वतः वाहतो, तिचा आदर करावा. उपवास करणाऱ्याला कोणी आग्रह करू नये. ज्या भावनेपायी दुसऱ्याचे पाणी, जागा किंवा काम हिरावले जाते, तिला स्वातंत्र्य म्हणता येणार नाही. आणि जेथे व्यवस्थेत थोडा बदल करून दोघांचेही भागते, तेथे तो बदल करणे हे चालकांचे कर्तव्य आहे. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. सोळाव्याने सरकारी नोकरीत समान संधी दिली. परंतु डबा खाताना कोणाशेजारी कोण बसतो, हे कोणत्याही अनुच्छेदात लिहिलेले नाही. ते शाळेतच शिकावे लागते. आणि मुले ते फळ्यावरून नव्हे, तर शिक्षकांच्या खोलीकडे पाहून शिकतात.